पान दोनशे बारावरचा बोलोत

२ ऑक्टोबर

ही वही नुरिलाने दिली. नुरिला म्हणजे आमच्या गावच्या वाचनालयाची बाई. काल मी घोडदळाच्या एका सरदाराचं चरित्र घेऊन निघाले, तर म्हणाली, "बुरुल आपा, हे तुम्ही तिसऱ्यांदा नेताय." आपा म्हणजे आजी, सगळं गाव मला तेच म्हणतं. म्हटलं, शक्य नाही. तिने कार्ड दाखवलं. तिसऱ्यांदाच. "वाचलेलं लिहून ठेवत जा," म्हणाली. बरं.

मी चौऱ्याहत्तरची. शाळा सातवीपर्यंत. पुढे चाळीस वर्षं गोठा. वाचते फक्त इतिहास आणि चरित्रं. कादंबऱ्या नाहीत. जी माणसं झालीच नाहीत त्यांच्यासाठी रडायला मला वेळ नाही.

तर सरदाराचं चरित्र. माणूस चांगला, लिहिणारा लांबड लावणारा. पहिली साठ पानं सरदार जन्मालाच येत नाही. घोड्यांची नावं सहाच्या सहा दिलीत. बायकोचं एकदाच, तेही ती मेली तेव्हा. पण पुरात नदी ओलांडतो ते पान वाचताना माझा चहा गार झाला. तिन्ही वेळा झाला असणार.

४ ऑक्टोबर

आज पुस्तक नाही. गाय अडली. वासरू आडवं. गुरांची डॉक्टर सेझिम आली, जापारची नात, पलीकडच्या गावातली. स्वेटर काढून फेकला, खांद्यापर्यंत हात आत घातला, मला म्हणाली, "आपा, शेपटी धरा आणि बोलू नका." मला! मी बोलले नाही. वासरू जिवंत.

माझा नातू अदिलेत दोन वर्षं हिच्या मागे आहे. तो वायरमन आहे, खांबावर चढतो, पण हिच्यासमोर त्याच्या तोंडून धड वाक्य निघत नाही. सव्वीस तारखेला मी तिच्या कानात झुमके घालणार. झुमके घातले की मुलगी आमची. माझ्या सासूने मला घातले तेच काढून ठेवलेत.

मला हीच पाहिजे. दुसरी चालणार नाही.

जाताना तिने हात धुवायला पाणी मागितलं. म्हटलं, त्या काळ्यात तापतंय, घे. ती हसली. "आपा, तुम्ही कढईला काळं का म्हणता?" म्हटलं, लग्न होऊन आलीस की कळेल. माझ्या नवऱ्याच्या पणजोबांचं नाव त्या धातूचं, ज्याचे नाल ठोकतात. सुनेने सासरच्या थोरल्यांचं नाव घ्यायचं नाही, आणि नावासारखा शब्दही नाही. पंचावन्न वर्षं झाली, तो शब्द मी तोंडातून काढलेला नाही. या वहीतही नाही.

८ ऑक्टोबर

नुरिलाने परवा जाड पुस्तक दिलं, 'आमच्या खोऱ्याची माणसं'. उसोन मास्तरांनी लिहिलेलं. वीस वर्षं वाचनालयात आहे, पण मी कधी हात लावला नव्हता. आपल्याच गावच्यांचं काय वाचायचं? दाराबाहेर दिसतातच.

चूक केली. दोन दिवसांत तीनशे पानं झाली. उसोन मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे. अकरा वर्षं दर सुट्टीत घोड्यावर बसून घरोघर फिरले आणि ज्याचा त्याचा बाप, आजा, पणजा लिहून घेतला. राजे नाहीत यात, सेनापती नाहीत. खिंडीपलीकडे पहिलं औषध नेणारा आहे. सतरा बाळंतपणं करून एकही न गमावलेली सुईण आहे. भूकंपात मशिदीऐवजी आधी गोठा उघडणारा आहे. मोठमोठ्या चरित्रांतले लोक हजार माणसं घेऊन जे करतात, ते हे लोक एकट्याने करून घरी येऊन जेवतात. वर लांबड कुठेच नाही. प्रत्येकाला अर्धं पान, फार तर एक. मला असा लिहिणारा आवडतो.

पान दोनशे बारावर आमच्या घरचे! माझ्या नवऱ्याचे पणजोबा. वादळात खिंडीपलीकडे अडकलेला कळप परत आणला, सोबत फक्त कुत्रं. कुत्र्याचं नावही दिलंय, अक्तोश. हे मास्तरांना कुणी सांगितलं असेल? घरातल्या माणसालाच माहीत असणार असं.

आणि मास्तरांची रीत बघा. थोरल्यांचं खरं नाव छापलेलंच नाही. मी म्हणते तेच घातलंय, बोलोत. म्हणजे पोलाद. सासूने मला शिकवलं होतं, खरं नाव गिळायचं, बोलोत म्हणायचं. छापतानासुद्धा मास्तरांनी मान ठेवला. शिकलेला असून रीत कळते, असा माणूस विरळा.

शेवटी वंशाचे तक्ते आहेत. अक्षरं मुंग्यांएवढी. ते सोडले.

१४ ऑक्टोबर

जापार आला होता. सेझिमचा आजा. एकोणऐंशीचा, दम्याने भात्यासारखा वाजतो, तरी घोड्यावरून आला. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. म्हटलं, झुमक्यांच्या दिवसाचं बोलायला आला असेल. मी बोरसोक, कणकेचे गोळे, तळायला घेतले.

"ते राहू दे, बुरुल. तुझ्या नातवाचा पाचवा बाप कोण?"

"आधी बसा तर. चहा घ्या."

"चहा नंतर. पाचवा कोण?"

लग्न ठरताना दोन्हीकडचे सात बाप, म्हणजे सात पिढ्या, पडताळतातच, त्यात काही नवल नाही. मी बोटांवर मोजत सांगितले. पाचव्याला म्हटलं, "बोलोत."

त्याने डोळे मिटले. मग टॉवेल सोडला. आत तेच पुस्तक. मागचा तक्ता उघडला आणि बोट ठेवलं. "आमच्या सेझिमचाही पाचवा बोलोत. हा बघ. एकाच बोलोतला दोन मुलगे. एक तुमच्या घरी, एक आमच्या घरी."

सातव्या पिढीच्या आत रक्त एक निघालं तर लग्न नाही. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला माहीत असतं.

मी म्हटलं, "पुस्तकात चूक असेल."

"तूच गावभर सांगत फिरतेस ना, असं खरं पुस्तक झालं नाही म्हणून? नुरिलाला सांगितलंस, तिने माझ्या बायकोला सांगितलं, म्हणून तर मी उघडलं."

मी पुस्तक मिटून पुन्हा टॉवेलात गुंडाळलं.

जाताना दारात थांबला. "मला काय आनंद झालाय? पोरगा मला आवडतो. त्याला निदान विजेचं काम येतं. आमचा थोरला नातजावई नुसती गाणी म्हणतो."

बोरसोक जळले.

१५ ऑक्टोबर

वाचलं नाही.

१६ ऑक्टोबर

मुलाला फोन केला. कुबात, अदिलेतचा बाप, रशियात बांधकामावर असतो. विचारलं, तुझा चौथा बाप, म्हणजे अदिलेतचा पाचवा, कोण? "बोलोत," म्हणाला. "का गं?" कुणी शिकवलं? "तूच की. बाबा महिनोन् महिने कुरणावर. आम्हाला सगळं तूच पाठ करून घेतलंस, लाटणं हातात घेऊन." अदिलेतला विचारलं, तर त्याने शाळेत पुस्तकातून पाठ केलेलं.

फार विचार केला. आमच्याकडे बोलोत हे सुनांनी म्हणायचं नाव आहे. मग त्यांच्याकडच्या सुनाही बोलोतच म्हणत असतील, त्याच माणसाचं नाव टाळायला. म्हणजे माणूस तोच. म्हणजे मास्तरांचं बरोबर. असं पुस्तक लिहिणारा माणूस चुकत नाही. मी चुकेन, जापार चुकेल.

अदिलेतला सांगितलं. त्याने कुऱ्हाड उचलली. बाहेर जाऊन एक तास लाकडं फोडली. आधीच फोडलेली पुन्हा फोडली.

१८ ऑक्टोबर

पोरं लवकर सावरतात. अदिलेत आज शिट्टी मारत होता. माळ्यावरच्या दोन गाद्या खाली काढून त्याने गाडीत टाकल्या. म्हटलं, कुठे? "कामावर, आपा. लांबचं काम आहे." चांगलं आहे, कामात मन रमतं. सेझिमचं एक टपाल चुकून आमच्या पत्त्यावर आलं, जाड पाकीट, पासपोर्ट कचेरीचा शिक्का. त्याला दिलं, तिच्याकडे पोचव म्हणून. त्याचा चेहरा लाल झाला. अजून थोडं दुखतंय वाटतं.

मला मात्र झोपताना ते वासरू आठवतं. बोलू नका, म्हणाली होती.

नुरिलाकडे पुस्तक परत करायला गेले, पण टेबलावरून पुन्हा उचललं. तिला विचारलं, हे मास्तर गेले कधी? "गेले कुठले," म्हणाली. "नारिन शहरात लेकीकडे असतात. चौऱ्याऐंशीचे आहेत. दिसत कमी, बोलतात भरपूर."

जिवंत आहेत! मला वाटायचं, इतकं चांगलं लिहिणारे सगळे मेलेले असतात.

२० ऑक्टोबर

व्हॅनने नारिनला गेले. खिंडीत बर्फ पडायला लागलंय. मनात होतं, पाया पडायचं, अकरा वर्षांचं विचारायचं, आणि मग हळूच विचारायचं, बोलोत कुठे मिळाला? चूक काढायला नाही गेले. खात्री करून घ्यायला. एकदा खात्री झाली की झुमके पेटीत टाकता येतात.

मास्तर खिडकीशी, गुडघ्यावर शाल. बारीक झालेत. मी म्हटलं, तुमचं पुस्तक सरदाराच्या चरित्रापेक्षा चांगलं आहे. "कुठल्या सरदाराच्या?" म्हटलं, सगळ्याच. ते इतके हसले की लेक आतून धावत आली.

मग मी कारण सांगितलं. हसू थांबलं. लेकीला म्हणाले, "पेटी ओढ."

पेटीत एकतीस वह्या. वर्ष आणि गाव लिहिलेलं प्रत्येकीवर. म्हणाले, "कुणी सांगितलं ते मी प्रत्येक नावाखाली लिहायचो. कुठल्या घरात, कुणाच्या तोंडून. छापणाऱ्याने सांगितलं, कागद पुरत नाही, एवढं कापा. कापलं. अजून सलतं."

लेकीने आमच्या गावची वही काढली. त्यांना दिसत नाही, तिला वाचता येत नव्हतं, अक्षर घोड्यावरचं. मग मी वाचलं. कळप, खिंड, कुत्रं अक्तोश. बोलोत. आणि खाली:

'सांगणार: बुरुल, सून, वय सदतीस. गोठ्यात. घाईत.'

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसून.

मग आठवलं. शेवाळी रंगाचा कोट घातलेला माणूस, संध्याकाळची धार, नवरा कुरणावर. दारात उभा राहून विचारत होता, याचा बाप, त्याचा बाप. माझ्या बादलीत माशी पडलेली. मी एकेक नाव फेकलं त्याच्याकडे. "आणि त्याचा बाप?" "बोलोत. लिहा आणि जा, गाय खोळंबलीय." खरं नाव मनातही आलं नाही. जिभेला वळणच नव्हतं.

म्हटलं, "मास्तर, हे नाव त्यांचं नाही. मी सून. मी टाळलं."

मी थप्पड खायच्या तयारीने बसलेली.

"बाकीची नावंही टाळली असशील तू."

"टाळली."

"ती मी शेतीच्या जुन्या यादीत पडताळली, तिथे खरी नावं होती. पण या माणसाच्या काळी कागदच नव्हता. होती ती फक्त तू." मग कपाळावर हात मारला. "सुनेला सासरची नावं विचारली मी! माझी स्वतःची आई माझ्या आजाचं नाव घेत नव्हती. मला माहीत नव्हतं? पण दिवस मावळत होता आणि अजून तीन घरं राहिली होती."

"म्हणजे तुम्हीही घाईत."

"मीही घाईत."

जापारकडची वही काढली. तिथे 'सांगणार: जापारचा बाप, मुलगा घरचाच.' पुरुष नावं टाळत नाहीत. म्हणजे त्यांचा बोलोत खराखुरा बोलोत, आईबापांनी ठेवलेला. आमचा बोलोत फक्त माझ्या तोंडातला. मास्तरांना दोन बोलोत मिळाले, एकाच काळचे, एकाच कुरणावरचे. त्यांनी जोडले. कुणीही जोडले असते.

अजून एक वही निघाली, लांबच्या खोऱ्यातली. आमच्या घरातून तिकडे गेलेल्या एका चुलत्याने सांगितलेली. तिथे तोच कळप, तीच खिंड, तेच अक्तोश. आणि माणसाचं खरं नाव. मास्तरांनी त्याला बोलोतचा भाऊ समजून ठेवलं होतं. "मला तेव्हाच खटकलं होतं," म्हणाले. "दोन भाऊ, पण कुत्रं एकच."

रागावतील म्हणून बसले होते. त्यांचे डोळे चमकत होते. "बुरुल, सदतीस वर्षांनी दुरुस्ती आली! मला वाटलं होतं, कुणी वाचतच नाही." तिन्ही वह्या माझ्या पदरात टाकल्या. "जापारला दाखव. आणि वाचनालयातल्या पुस्तकात दुरुस्ती लिही. शाईने. खाली सांगणारीचं नाव घाल. या वेळी कापू नको."

अशा माणसाचं चरित्र कुणी लिहिलेलं नाही. मी त्यांना तसं म्हटलं. "मला सहा घोडे नव्हते," म्हणाले. "एकच होतं, तेही शाळेचं."

२१ ऑक्टोबर

आता खरं लिहायचं तर, भीती वाटते.

जापारला कागद दाखवला तरी तो विचारणार. त्याचा कागदावरचा विश्वास उडालेला असणार, आणि तोही माझ्यामुळे. नाव मला घ्यावं लागणार, त्याच्या सगळ्या घरादारासमोर. लग्नाच्या पहिल्या महिन्यात एकदा चुकून निम्मं नाव गेलं होतं तोंडातून. सासूने मारलं नाही, ओरडली नाही. माझ्या हातातली कढई काढून घेतली आणि तीन दिवस स्वतः रांधलं. तेवढंच. मी ते विसरले नाही.

ती मेली तेव्हा मी खूप रडले. ती मला आवडायची. हे कुणाला सांगितलेलं नाही.

तीन सरदारांची आणि एका सुलतानाची चरित्रं वाचून झाली, पण कुणी कधी असलं काही केल्याचं आठवत नाही.

२३ ऑक्टोबर

जापारच्या घरी गेले. जापार, त्याची बायको, दोन भाऊ, सगळे गालिच्यावर. सेझिम बाहेर गोठ्यात होती, अदिलेत गाडीपाशी. गाडीत गाद्या तशाच.

मी वह्या ठेवल्या. सगळं सांगितलं, माशीपासून. जापारच्या धाकट्या भावाने वाचून दाखवलं, सांगणार बुरुल, गोठ्यात, घाईत. तो हसायला लागला, तर जापारने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली.

"बरं," जापार म्हणाला. "मग तुमच्या पाचव्याचं नाव काय?"

"तिसऱ्या वहीत आहे. वाचून घ्या."

"नाही. कागदाने एकदा फसवलंय. ज्या तोंडाने चुकीचं सांगितलं त्या तोंडाने बरोबर सांग."

"मी सून आहे, जापार."

"पंचावन्न वर्षांची सून. म्हातारी झालीस की आता."

"सून म्हातारी होते. सून असणं थोडंच म्हातारं होतं?"

त्याची बायको माझ्या बाजूने म्हणाली, "अहो, नका हो तिला." तो म्हणाला, "मग काय करू? नात द्यायचीय मला."

बाहेर सेझिमचा आवाज आला, कुठल्या तरी गाईला दटावत होती. "हलू नको, हलू नको." मी डोळे मिटले. सासूची माफी मागितली. जीभ टाळूला चिकटली होती, ती सोडवली.

आणि नाव घेतलं.

जापारच्या बायकोने तोंडावर हात घेतला. चुलीत शेणी फुटली, तेवढाच आवाज. छत पडलं नाही. मला वाटलं होतं निदान काहीतरी होईल.

"पुन्हा सांग," जापार म्हणाला. "या कानाने कमी ऐकू येतं."

"दुसरा कान आणा. पुन्हा सांगणार नाही."

तो हसला, मग खोकला, मग हसला. दुवा म्हणून दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले. सगळ्यांनी फिरवले. त्याचा भाऊ खिडकीतून ओरडला, "ए वायरमन, आत ये! अंगणातलं दार उघडं ठेवून ऊब काय घालवतोस!"

घरी आल्यावर अदिलेतने गाद्या पुन्हा माळ्यावर टाकल्या. म्हटलं, काय रे, लांबचं काम? "रद्द झालं, आपा," म्हणाला आणि मला उचलून गोल फिरवलं. वेड लागलंय. एवढं मोठं काम गेलं, तरी आनंद.

२६ ऑक्टोबर

झुमके घातले. तिच्या कानाचं भोक बारीक, मी झुमका ढकलत होते. ती म्हणाली, "आपा, घाई करू नका." म्हटलं, बरं. केली नाही.

जेवणात एका म्हाताऱ्याने मला विचारलं, ही सून घरात आली की तुझं नाव कसं टाळणार गं? मी सेझिमला म्हटलं, माझं नाव टाळ. मास्तरांसारखा कुणी दारात आला तर मात्र टाळू नकोस. धार थांबव, त्याला चहा दे, आणि खरं सांग.

२८ ऑक्टोबर

वाचनालयात गेले. नुरिला म्हणाली, "पुस्तकात लिहायचं नाही, आपा, नियम आहे." मी मास्तरांचा निरोप सांगितला. तिने स्वतःचं पेन दिलं आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

पान दोनशे बारा. बोलोत खोडलं नाही, नुसती खाली रेघ मारली. तो बिचारा जापारकडचा, त्याचा काय दोष. बाजूला खरं नाव लिहिलं. खाली: 'सांगणारी: बुरुल, सून, वय चौऱ्याहत्तर. वाचनालयात. घाई नाही.'

मग सगळं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायला घरी आणलं. नुरिलाने कार्डावर नोंद केली. म्हटलं, हो, दुसऱ्यांदाच आहे, आणि तिसऱ्यांदाही नेणार आहे. या वेळी मुंग्यांएवढे तक्तेही वाचणार. मास्तरांना पत्र लिहिलं, पुढच्या व्हॅनने वह्या परत पाठवते, कुत्र्याच्या पानावर चहाचा डाग पडला, माफ करा.

पुस्तकात लिहिलं, मग या वहीत का नाही?

तेमिर.

आज सकाळी कढई घासताना कुणी नव्हतं, तेव्हा म्हणून पाहिलं. लोखंड. लोखंडाची कढई. जड शब्द आहे. पण चांगला आहे.